पोर्ट रॉयल : पाप कोणाचे, शासन कोणाला?

७ जून १६९२ चा दिवस. दुपारचे पावणेबारा वाजत आले होते. जमैका बेटावरील पोर्ट रॉयल बंदराचे अँग्लिकन धर्मगुरू इमॅन्युएल हीथ सकाळची प्रार्थना आटोपून बेटाच्या राज्यमंडळाच्या अध्यक्षांपाशी बसले होते. एका कॅप्टनकडे भोजनाचे निमंत्रण होते; परंतु अध्यक्षांनी चिलीम पेटविली होती आणि ती संपेपर्यंत थांबण्याचा त्यांचा आग्रह मोडवेना. इतक्यात भूमी लाटेसारखी हेलकावू लागली. चर्चचा मनोरा ढासळला. त्या कॅप्टनचे घर माणसांसह समुद्राने गिळले. हीथ वाचले ते एका चिलमीमुळे.

इंग्रजांनी १६५५ मध्ये जमैका स्पेनकडून जिंकले, पण त्याच्या रक्षणास पुरेसे आरमार त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून गव्हर्नरांनी चाच्यांनाच आश्रय दिला, हाती सनदा दिल्या. स्पेनची लूट पोर्ट रॉयलच्या पेढ्यांत आणि गुत्त्यांत रिती होऊ लागली. हेन्री मॉर्गनने १६७१ मध्ये पनामा लुटले, तेव्हा इंग्लंड आणि स्पेन यांच्यात तह झालेला होता. त्याला अटक करून विलायतेस नेण्यात आले. पुढे राजाने त्यास सरदारकी दिली व उपगव्हर्नर करून परत धाडले! पापाला राजमुद्रा मिळाली की त्याचे नावही बदलते.

अशा नगरावर दैवी कोप झाला, असे लोकांना वाटले यात नवल नाही. दोन तृतीयांश नगर बुडाले, सुमारे २,००० माणसे तत्काळ दगावली आणि जवळजवळ तितकीच पुढे रोगराईने व जखमांनी गेली. हीथ यांनी रस्त्यातच गुडघे टेकून लोकांसह प्रार्थना केली. या भयंकर शासनाने तरी लोक सुधारतील, अशी आशा त्यांनी पत्रात व्यक्त केली आहे. त्याच पत्रात ते सांगतात, की काही जण ओस पडलेली घरे आणि वखारी फोडीत होते.

या धर्मगुरूला हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. एका वादळानंतर आम्हीही प्रवचनात असेच काही बोलून गेलो होतो. मिस्सा संपल्यावर होडी गमावलेला एक वृद्ध कोळी एवढेच म्हणाला, “फादर, माझं पाप कोणतं ते तरी सांगा.” आम्ही निरुत्तर झालो. संत लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाच्या बुरुजाखाली सापडलेल्या अठरा जणांविषयी प्रभू येशू बोलतो. ते इतरांहून अधिक पापी होते हा तर्क तो स्पष्ट नाकारतो. हा उतारा आम्ही सेमिनरीत शिकलो होतो, पण व्यासपीठावर विसरलो.

पोर्ट रॉयल वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसले होते. जागा अपुरी, म्हणून इंग्रजांनी तेथे विटांची मजल्यांवर मजले चढविलेली जड घरे बांधली. धक्क्यासरशी ओली वाळू पातळ झाली आणि घरे उभीच्या उभी खाली गेली. वाळूवरील घराचा दृष्टांत येथे शब्दशः लागू पडतो. पण त्या वाळूने धर्मशीलांना आणि दुराचाऱ्यांना वेगळे केले नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस अधिक बोचते. १६९२ पर्यंत चाच्यांचे दिवस सरत आले होते. त्यांच्याविरुद्ध कायदे झाले होते, त्यांना फासावर चढविले जात होते. नगराची श्रीमंती आता साखर आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम यांच्या व्यापारावर उभी होती. सुमारे ६,५०० वस्तीत २,५०० च्या आसपास गुलाम होते. दारू, जुगार, व्यभिचार यांची गणना करणाऱ्यांच्या पापांच्या यादीत हा व्यापार नव्हता. तो सभ्य माणसांचा, कायदेशीर धंदा होता. त्यांचा तर्क मान्य करायचा, तर मालकांच्या पापाचे शासन म्हणून ते गुलामही बुडाले असे म्हणावे लागेल. असला न्याय आमच्या परमेश्वराचा नव्हे. शिवाय तो व्यापार बुडालाच नाही. खाडीपलीकडे किंग्स्टन वसले, तेथे तो भरभराटला. जमैकातील गुलाम पूर्णपणे मुक्त झाले ते १८३८ मध्ये.

पोर्ट रॉयलच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात लुईस गॅल्डी या फ्रेंच व्यापाऱ्याची कबर आहे. भूकंपात जमिनीने त्याला गिळले, पुढच्या धक्क्याने समुद्रात फेकले आणि होडी येईपर्यंत तो पोहत राहिला, ही परमेश्वराची कृपा शिळेवर कोरलेली आहे. त्यानंतर तो ४७ वर्षे जगला, चर्चचा विश्वस्त झाला, आणि गुलामांच्या व्यापारात धनवान झाला. शिळेवर त्या धंद्याचा उल्लेख नाही.