मारुतीच्या डोक्यावरून

नाशिकला गोदावरीचा पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. गुडघ्याला लागला, कमरेला लागला, छातीपर्यंत आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं. आमच्या चांदवडची मापं वेगळी : विहिरीत किती परस पाणी, टँकरच्या किती खेपा. म्हणून घराच्या विम्याचा विषय काढला तेव्हा थोरले दीर म्हणाले, "इथं प्यायला पाणी नाही, अन् तू पुराचा विमा काढतेस?"

त्यांचं चुकत नव्हतं. पण आठ वर्षांपूर्वी पोळ्यानंतर एका संध्याकाळी डोंगरावर तासभर पाऊस कोसळला. आमचे डोंगर उघडे, मातीचा थर पातळ, खाली काळा पाषाण. पाणी मुरत नाही, धावतं. ओढ्याची वाट भराव टाकून अरुंद झालेली. मागच्या दारानं ते घरात आलं. गुडघाभरही नव्हतं. रात्रीतून ओसरलं, तेव्हा धान्याच्या कोठीखाली बोटभर गाळ होता. खरं नुकसान दहा दिवसांनी दिसलं. मातीच्या मागच्या भिंतीला पोट आलं. ती उतरवून विटांची बांधली, त्यात त्या वर्षीच्या कांद्याचे पैसे गेले.

शेतातल्या पिकाचा विमा आम्ही दर हंगामात न चुकता भरतो. ज्या छपराखाली झोपतो, त्याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

चौकशी केली तेव्हा कळलं, पुराचा वेगळा विमा घ्यावाच लागत नाही. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही एकाच साच्याची पॉलिसी देतात. आग, भूकंप, वादळ, पूर, सगळं तीत आलं. जागेची किंमत धरत नाहीत, घर पुन्हा बांधायचा खर्च धरतात. घरसामानही त्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आपोआप येतं. चाळीतला कांदा मात्र घरसामान नव्हे, हे मला बजावून सांगितलं. वर्षाचा हप्ता आमच्या एका महिन्याच्या दुधाच्या बिलाइतकाही नव्हता. एवढ्या पैशांसाठी मी आठ वर्षं घालवली, याचं वाईट वाटलं.

फॉर्म भरायला बसलो. याआधी घरात पाणी शिरलं होतं का, असं एजंटानं विचारलं. मुलगा हळूच म्हणाला, "आई, नाही सांग." मी उठून मागच्या खोलीत गेले. नव्या भिंतीला लागून असलेल्या जुन्या भिंतीवर, चुन्याच्या दोन हातांखालूनही, ती तांबूस रेघ अजून दिसते. बाहेर येऊन मी 'हो' लिहायला सांगितलं, आणि सालही सांगितलं.