नाव न आलेल्या पोराला

शालेय तालुका स्पर्धा तोंडावर आल्या की नरखेड, सावरगाव, जलालखेडा, मोवाड, कुठेही जा, संध्याकाळी शाळेच्या कबड्डीच्या मैदानावर पोट्ट्यांचा गलका ऐकू येतो. बागेत संत्री झाडाला लागलेली असतात, फळगळीची काळजी घरात बसलेली असते, तरी मैदान सुटत नाही. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे संघ निवडायचे असतात. तालुका जिंकला की जिल्हा, मग विभाग, मग राज्य. संघात नावं 12, आणि मैदानात उतरणार 7. खरी चुरस त्या सातांत येण्याची.

डावा कोपराच घ्या. चढाई करणारा बोनस रेषेकडे पाय टाकतो, तेव्हा त्याचा घोटा धरायचं काम कोपऱ्याचं. जरा आधी झेपावलं तर तो हात लावून गुण घेऊन जातो, जरा उशीर झाला तर बोनस जातो. या एका जागेवर दोन पोरं डोळा ठेवून असतात. एकाच्या हातात आलेला घोटा सुटत नाही, पण उतावळेपणानं तो साखळी तोडून पुढे जातो. दुसरा साखळी सोडत नाही, पण त्याची पकड तेवढी घट्ट नाही. दोघंही महिनाभर गुडघे फोडून घेतात. मग एके दिवशी फलकावर कागद लागतो, आणि यादीवरून फिरणारं एकाचं बोट शेवटच्या नावापर्यंत जाऊन थांबतं.

जागा एकच असली की कोणी तरी बाहेर राहणारच. यात अन्याय नाही. मोठ्या क्रिकेटमध्येही हेच दिसतं. जामठ्याच्या मैदानावर 2025 च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाचे 3 गडी 24 धावांत बाद झाले होते. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी 215 धावांची भागीदारी केली. दानिशचा तो रणजीतला पहिलाच हंगाम, आणि त्याच्या त्या डावात 153 धावा. करुणची वाट वेगळी. 2016 मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद 303 धावा करूनही काही महिन्यांत तो भारतीय संघाबाहेर गेला. पुढे कर्नाटकच्या संघातही जागा राहिली नाही, तेव्हा तो विदर्भात आला. त्या अंतिम सामन्यात त्यानं 86 आणि 135 धावा केल्या, विदर्भानं तिसऱ्यांदा करंडक जिंकला, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तो पुन्हा भारताकडून कसोटी खेळला. आपण सगळे आनंदलो, मीही. पण बाहेरून आलेल्या खेळाडूला जागा मिळते, तेव्हा विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतल्या कुठल्या तरी घरच्या फलंदाजाची तेवढी जागा कमी होते. संघाच्या दृष्टीनं निवड अगदी योग्य होती. तरी त्या अनामिक पोराची आठवण कोणी तरी ठेवायला हवी.

मला खुपते ती निवडीनंतरची शांतता. यादी लागते, निवडलेल्यांना गणवेश मिळतो, आणि राहिलेल्याशी कोणी बोलत नाही. ‘सर, माह्यात काय कमी होतं?’ हा प्रश्न खेड्यातला पोरगा सहसा विचारत नाही. तो गप्प घरी जातो आणि उत्तर स्वतःच ठरवतो: आपली ओळख नाही, आपण गरीब, आपल्याला जमतच नाही. यातलं एकही कदाचित खरं नसतं. खरं कारण एवढंच असतं, की तो साखळी लवकर सोडतो. ही सुधारता येण्यासारखी गोष्ट आहे. पण ती कळलीच नाही, तर तो सुधारणार काय? पुढच्या वर्षी तो मैदानावर फिरकत नाही, आणि तालुका एक चांगला कोपरा गमावतो.

म्हणून तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांना हात जोडून विनंती आहे. यादी लावण्याआधी राहिलेल्या प्रत्येक पोराला बाजूला घ्या, नावानं हाक मारा, आणि तो का राहिला ते सरळ सांगा. खोटी समजूत घालू नका, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून वाटेला लावू नका. काय सुधारायचं ते सांगा, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला त्यालाही बोलवा.

आणि पालकहो, पोरगा त्या संध्याकाळी गप्प गप्प घरी आला, तर निकाल विचारण्याआधी त्याला जेवायला वाढा.