शेपटीपुरता मासा

निवांत बसा. तळहात मांडीवर उताणा ठेवा आणि त्यावर एक नोट आहे असं मनात आणा. वजन जवळजवळ नाहीच. ती आली आहे उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरून. अठरा बेटं, पन्नास-पंचावन्न हजार माणसं, आणि चहूकडे समुद्र.

आता तिच्याकडे बघा. चेहरा शोधू नका. राजा नाही, पुढारी नाही. शंभर क्रोनांच्या या नोटेवर कॉड माशाची शेपटी आहे. नुसती शेपटी. बाकीचा मासा कागदाबाहेर, पाण्यातच राहिला आहे. श्वास आत घ्या आणि तो मासा मनात हळूहळू पुरा करायला लागा. घाई नको.

पन्नासाच्या नोटेवर मेंढ्याचं वळलेलं शिंग आहे. लोकर हेच आपलं सोनं, असं इथली जुनी माणसं म्हणत आली. पाचशेवर खेकड्याची नांगी, हजारावर तुतवार पक्ष्याचा पंख. दरवेळी थोडंच दाखवलेलं. मला हा संकोच फार मोलाचा वाटतो. ज्याच्यावर पोट भरतं, ते अख्खं कधी हातात येत नाही.

नोट उलटी करा. मागे झकारियास हेनेसेन यांच्या जलरंगातली बेटं आहेत. दोनशेच्या नोटेवर टिंडहोल्मुर, सुळक्यांचं निर्मनुष्य बेट. रंग जिथे ओलसर पसरला आहे तिथे नजर थांबू द्या.

या नोटा डेन्मार्कची राष्ट्रीय बँक काढते. फेरो क्रोना आणि डॅनिश क्रोन यांचं मोल सारखंच. नाणी तर डेन्मार्कचीच. पण एप्रिल १९४० मध्ये डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात गेला, बेटांवर ब्रिटिश सैन्य उतरलं, आणि डेन्मार्कच्या नोटा बेटांपुरत्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्यावर शिक्के मारावे लागले. तो शिक्का मारणारा हात क्षणभर आठवा. एक नोट, मग दुसरी. शाई वाळेपर्यंत थांबणं. स्वतःच्या चित्रांच्या नोटांची ही मालिका त्या बेटांना मिळाली ती २००१ पासून पुढे, एकेक करत.

श्वास सोडा. बोटं हलकेच मिटा. मघाचा मासा कुठवर आला? शेपटीपासून पाठ, पाठीवरचे तीन पर, कल्ले, डोळा. हनुवटीखाली कॉडला एकच मिशी असते. ती दिसेपर्यंत बसून राहा. पाणी हलत असेल, हलू द्या.