एका प्रेषिताच्या अनेक कबरी
ओमानच्या धोफार प्रांतातील सलाला हे शहर अरबस्तानात असूनही पावसाळ्यासाठी प्रसिद्ध आहे. जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंतच्या ‘खरीफ’ ऋतूत, कोकणात पाऊस आणणारेच नैऋत्य मोसमी वारे येथील किनाऱ्यालगतच्या थंड समुद्रपाण्यावरून वाहत येतात, त्यातून दाटलेले धुके डोंगरांना अडते आणि पानांवरून ठिबकणाऱ्या ओलाव्यावर उतार हिरवे होतात. हे पाहण्यासाठी आखाती देशांतून येणारे प्रवासी इत्तीन डोंगरावरील नबी अय्यूब यांच्या कबरीचीही ‘जियारत’, म्हणजे श्रद्धापूर्वक भेट, घेतात. अय्यूब, अर्थात बायबलमधील ईयोब, हे ‘सब्र’ या गुणाचे, दुःखातही न ढळणाऱ्या धीराचे, प्रतीक मानले जातात. परंतु त्यांची कबर तुर्कस्तानातील उर्फा परिसरात आणि लेबनॉनमध्येही दाखवली जाते, आणि एकच देह तीन ठिकाणी पुरलेला असणे शक्य नाही. मग या भेटीला अर्थ कोणता?

हा पेच नवा नाही. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता याच किनाऱ्यावरील जफार नगरात आला होता. जवळच त्याला प्रेषित हूद यांची कबर दाखवण्यात आली. अशीच कबर दमास्कसच्या मशिदीतही सांगितली जाते हे तो नोंदवतो आणि हूद यांचा देश हाच असल्याने येथील दावा अधिक संभवनीय ठरवतो. श्रद्धावंत असूनही पुरावा तोलण्याची ही वृत्ती आदरास पात्र आहे.

भेटीला अर्थ कोणता, या प्रश्नाची उकल मात्र प्रार्थना कोणाला उद्देशून आहे, यावर अवलंबून आहे. जियारतीत मृताला सलाम करून त्याच्यासाठी ईश्वराकडेच दुआ मागितली, तर कबरीत कोण आहे याविषयी चूक झाली तरी प्रार्थना भरकटत नाही. कुराणातील अय्यूबांच्या कथेतही स्थळाचे नाव नाही. पाय आपटताच शीतल पाणी लाभते, हे तिचे मर्म आहे. याउलट मागणे कबरीतील व्यक्तीकडेच केले, तर आत कोण आहे हा प्रश्न निर्णायक होतो. कबरपूजेवर कठोर आक्षेप घेणाऱ्या धर्मपंडितांची भीती नेमकी येथे आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी लागते. म्हणूनच प्रवाशांना ‘ही अय्यूबांची कबर आहे’ असे ठामपणे सांगण्याऐवजी ‘तशी येथील परंपरा आहे’ असे सांगितल्याने श्रद्धेचा अवमान होत नाही. उलट ईश्वराकडे वळलेल्या मनाला त्याहून अधिक आधाराची गरजच नसते.