पुंडलिकाची पाठ



आपल्या संप्रदायाचे सारे वैभव एका मुलाच्या सेवेतून उभे राहिले आहे. देव दाराशी आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपीत होता. त्याने वीट पुढे सारली आणि देवाला थांबायला सांगितले. ही कथा ऐकताना एक प्रश्न मनात येतो. ज्याला पोटासाठी किंवा एखाद्या ध्येयासाठी घर सोडून दूर जावे लागते, त्याने ही सेवा कशी करावी? दूर राहून केलेले कष्ट म्हणजे सेवा, की आपण आपल्याच मनाची घातलेली समजूत?

या प्रश्नापाशी आले की आपल्या नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ आठवतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा. मुलूख दुष्काळी. वडील विहिरी खोदण्याचे, दगड फोडण्याचे काम करीत आणि दत्तूही त्यांच्याबरोबर राबे. २०११ साली वडील गेले. पुढच्या वर्षी तो सैन्यात भरती झाला आणि तिथे त्याच्या हाती वल्ही आली. ज्याच्या घराने घोटभर पाण्यासाठी जमीन फोडली, तो पाण्यावर नाव चालवू लागला. २०१६ च्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियातल्या पात्रता स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले आणि रिओ ऑलिंपिकचे दार उघडले. त्याच सुमारास घरी आई पडून डोक्याला मार लागला होता आणि तिची स्मृती गेली होती. लेकाने काय मिळवले, हे समजण्याच्या अवस्थेत ती नव्हती.

ज्या आईसाठी राबायचे, तिलाच ते कळत नसेल तर ते राबणे वाया गेले का? आपण सहज म्हणून जातो, ‘आईवडिलांच्या डोळ्यांत आनंद दिसावा म्हणून हे केले.’ त्या वाक्यात प्रेम आहे, पण फळाची आशाही आहे. आनंद दिसला नाही तर मन खट्टू होते. अंथरुणाला खिळलेल्या, आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाची सेवा ज्यांनी केली आहे, त्यांना याचे उत्तर माहीत असते. ओळख मिळत नाही, शाबासकी मिळत नाही, तरी हात थांबत नाहीत. निष्काम सेवा ती हीच.

दत्तूच्या खेळातली एक गोष्ट इथे पाहण्याजोगी आहे. या शर्यतीत नाव चालवणारा मुक्कामाकडे पाठ करून बसतो. दोन हजार मीटरचे अंतर तो पाठमोरा कापतो. पुढचे काही दिसत नाही. डोळ्यांसमोर असते ती मागे पडलेली पाण्याची वाट. आपला पुंडलिकही असाच होता. परब्रह्म पाठीशी उभे आहे हे त्याला ठाऊक होते, पण तोंड आईवडिलांकडे होते. ज्याची श्रद्धा पक्की, त्याला दर घटकेला मागे वळून देव आहे ना, हे पाहावे लागत नाही.

साम्य इथवरच. पुंडलिकाच्या समोर आईवडील होते. दूर गेलेल्या लेकाच्या समोर ते नसतात. हा भेद झाकू नये. जिद्द ही एक प्रकारची तल्लीनताच आहे, आणि तल्लीनतेत माणसाचे भान सुटते. गोरोबाकाका नामात रंगून माती तुडवीत होते आणि पायाखाली आपलेच लेकरू आले. त्या कथेत विठ्ठलाने लेकरू परत दिले. आपल्या संसारात मात्र ध्येयाच्या नादात जे तुडवले जाते, ते बहुधा परत मिळत नाही. म्हणून ध्येयवेड्याने अधूनमधून पायाखाली पाहावे.

हे फक्त खेळाडूंना लागू नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि पंढरीला पोचायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. तेवढे दिवस घरी म्हाताऱ्या आईला वेळेवर औषध कोण देते? बहुधा सून, लेक, नाहीतर धाकटा भाऊ. आपण टाळ घेऊन निघतो तेव्हा त्या घरच्या माणसाचे हात आपल्या वाटणीची सेवा करीत असतात. गळ्यात माळ आपल्या असते, वारी मात्र दोघांची होते. परत आल्यावर आपण बुक्का लावतो, प्रसाद देतो. त्या माणसाच्या पाया किती जण पडतात?

दत्तूच्याच आयुष्यातला आणखी एक प्रसंग पाहा. रिओत तो एकेरीत तेरावा आला. पुढे २०१८ साली इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धेत, प्रकृती बरी नसताना, एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळवले. माणूस तोच, वल्ही मारणारे हातही तेच. एकट्याला जे पेलले नाही, ते चौघांनी तोलून धरले. घरही असेच चौघांच्या नावेसारखे असते. एकाचे नाव पुढे येते, ओढ सगळ्यांची लागते.

तेव्हा दूर असलेल्याने सेवा कशी करावी? नुसते पैसे धाडले म्हणजे सेवा झाली, असे मानू नये. जो जवळ राहून करतो आहे, त्याचे ऋण तोंडाने कबूल करावे. घरी गेलो की पाहुण्यासारखे बसू नये. त्या चार दिवसांत उशापायथ्याची कामे आपल्या हाती घ्यावीत आणि थकलेल्याला विसावा द्यावा. आणि दूर असताना जे काम पत्करले, ते लबाडी न करता, पुरते करावे. सावतोबांना मळ्यातच विठाई भेटली, ती अशा कामातच.

आई ओळखो न ओळखो, तिच्या पायांवरचा हात काढू नये. तो हात आपला नसेल, तर ज्याचा आहे त्याला माउली म्हणावे. देव विटेवर उभाच आहे. त्याला घाई नाही.

राम कृष्ण हरि.