एका पेल्याचा प्रश्न

बंगळुरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाच्या कानावर पहिल्या आठवड्यातच एक शब्द पडतो. तो धड कन्नड नव्हे आणि धड इंग्रजीही नव्हे. तो शब्द म्हणजे ‘बाय टू’. दोघे स्नेही उपाहारगृहात शिरतात, गल्ल्यावर एका कॉफीचे पैसे भरतात आणि ‘बाय टू’ एवढेच म्हणतात. आतला माणूस एका पेल्याची कॉफी दोन पेल्यांत सारखी वाटून पुढे ठेवतो. आम्ही चहाच्या मुलुखातून आलेले. आम्हांस हा प्रकार प्रथम मुंबईच्या ‘कटिंग’चाच धाकटा भाऊ वाटला. परंतु दोहोंत एक भेद आहे. कटिंग एकट्यासही मागता येतो. ‘बाय टू’ मागावयास दुसरा माणूस लागतो.

या भेदाचा विचार करण्याची पाळी आमच्यावर गतवर्षी आली. त्या वर्षी आमच्या सरकारी बिऱ्हाडात कॉफीचे एक नवे यंत्र आले. ॲल्युमिनियमच्या बोटभर कुपीत पाच-सहा ग्रॅम कॉफीची पूड बंद केलेली असते. ती कुपी यंत्रात ठेवावयाची, कळ दाबावयाची, की यंत्र कुपीस भोके पाडून तीतून मोठ्या दाबाने गरम पाणी सोडते आणि अर्ध्या मिनिटात एका माणसापुरती कॉफी पेल्यात उतरते. ना गाळणे, ना चोथा, ना वाट पाहणे. एक कुपी, एक पेला, एक माणूस.

ही कल्पना तशी जुनी आहे. एरिक फाव्र नावाच्या स्विस अभियंत्याने नेस्लेसाठी तिचे एकस्व १९७६ साली मिळविले आणि १९८६ पासून ती ‘नेसप्रेसो’ या नावाने बाजारात आली. अमेरिकेत जॉन सिल्व्हन याने काढलेले प्लॅस्टिकच्या कुप्यांचे ‘क्यूरिग’ यंत्र १९९८ मध्ये प्रथम कचेऱ्यांत शिरले आणि मग घरांत पसरले. पुढे २०१५ साली याच सिल्व्हनने आपल्या शोधाबद्दल खंत बोलून दाखविली आणि आपल्या स्वतःच्या घरी हे यंत्र नाही, अशी कबुलीही दिली. पुढच्याच वर्षी जर्मनीतील हांबुर्ग नगराच्या शासनाने सरकारी पैशातून अशा कुप्या विकत घेण्यास मनाई केली. खरेदीच्या फायलींवर टिपणे लिहिण्यात ज्यांचा जन्म चालला आहे, अशा आमच्यासारख्यांस त्या अज्ञात जर्मन कारकुनाविषयी बंधुभाव वाटल्यावाचून राहत नाही.

असे यंत्र कॉफीच्या माहेरी यावे, यात थोडा विनोद आहे. बाबा बुडन यांनी मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, ही सतराव्या शतकातील आख्यायिका येथे शाळकरी मुलेही सांगतात. आज देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, आणि १९४२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कॉफी मंडळाचे मुख्य कार्यालयही याच शहरात आहे. येथल्या घरोघरी पितळेचे अथवा पोलादाचे दुमजली फिल्टर असते. वरच्या सच्छिद्र भांड्यात चिकोरीमिश्रित पूड हलक्या हाताने दाबावयाची, वर कढत पाणी ओतावयाचे आणि थेंबथेंब गळणारा काळा अर्क, म्हणजे डिकॉक्शन, खाली साठू द्यावयाचा. तो अर्क सर्व घराचा असतो. त्यात दूध कमी-अधिक घालून चौघांचे पाच पेले होतात, आणि ऐन वेळी दारात कोणी उभा राहिल्यास सहावाही होतो.

आमच्या सौभाग्यवतीने हे तंत्र शेजारच्या कन्नड बाईंपाशी शिकून घेतले होते. रात्री निजण्यापूर्वी फिल्टर भरून ठेवावयाचे, पहाटे दूध तापवावयाचे, आणि साडेसहाच्या सुमारास आई, आम्ही दोघे आणि हातात दुधाचे पेले घेतलेली दोन्ही मुले स्वयंपाकघराच्या ओट्याभोवती जमावयाचो. गावाकडे कॉफी म्हणजे जायफळ घालून दुधात उकळलेली, पाहुण्यांसाठी अथवा आजाऱ्यासाठी करावयाची वस्तू. या परमुलुखात ती आमच्या सकाळचा नेम बनली. गावची पत्रे, मुलांची गणिते, आणि वर्षातून एकदा तरी ‘पुढची बदली कोठे’ हा विषय, असे सारे तेथेच बोलले जाई.

यंत्र आले ते सौभाग्यवतीच्या स्वतःच्या पगारातून. ती एका शाळेत शिकविते. तिची बस सात वाजता असते. आम्ही नाराजी दर्शविली, तिने ती ऐकून घेतली, आणि यंत्र ओट्यावर बसले. त्यानंतर महिन्याभरात आमच्या घरी काय झाले, ते न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

प्रथम लाभ. सर्वांत मोठा लाभ आईस झाला. वृद्धापकाळी झोप कमी. तिला साडेचारासच जाग येते. पूर्वी ती अंधारात सहा वाजेपर्यंत पडून राहत असे, कारण सुनेला उठविणे तिला प्रशस्त वाटत नसे. यंत्राची कळ ती दोन दिवसांत शिकली. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “अरे, कुणापाशी मागावं लागत नाही, यासारखं सुख नाही.” हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. परावलंबन हे प्रेमाचे नाव घेऊन आले तरी परावलंबनच असते, हे आम्ही तोवर ध्यानी घेतले नव्हते. दुसरा लाभ एकट्याचा. आपणांपैकी कित्येकजण कुटुंब गावी ठेवून परप्रांतात खोली करून राहतात. तशा माणसाने अर्धे फिल्टर डिकॉक्शन मोरीत ओतण्यापेक्षा एक कुपी वापरली, तर त्यास अपव्ययी कसे म्हणावे? कॅनडातील क्युबेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ च्या आरंभी हाच हिशेब मांडला होता. पृथ्वीवर कॉफीचा जो भार पडतो, त्याचा मोठा वाटा ती पिकविण्यात असतो. म्हणून जो अधिक पूड आणि अधिक पाणी वाया घालवितो, तो कुपी न वापरूनही अधिक दोषी ठरू शकतो.

आता हानी. ओट्याभोवतीची ती साडेसहाची बैठक मोडली. प्रत्येकाची कॉफी प्रत्येकाच्या वेळी होऊ लागली, आणि ज्याची कॉफी झाली तो आपला पेला घेऊन आपल्या कोपऱ्यात जाऊ लागला. कोणी कोणाशी भांडले नाही. केवळ एकत्र उभे राहण्याचे कारण उरले नाही. एके रविवारी चार पाहुणे आले. यंत्र एका वेळी एकच पेला करी. चौथ्याचा पेला भरेतो पहिल्याचा निवाला, कारण सभ्य माणसे एकमेकांसाठी थांबतात आणि यंत्र ते जाणत नाही. त्याहून वाईट गोष्ट पाहुणे गेल्यावर घडली. आई कुप्यांचा डबा उघडून म्हणाली, “आता नऊच राहिल्या.” आमच्या घरात पाहुण्यांच्या कॉफीची मोजदाद त्यापूर्वी कधी झाली नव्हती. डिकॉक्शन ताणता येते. कुपी मोजावीच लागते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात जो केवळ स्वतःपुरते रांधतो त्यास दोष दिला आहे. हा आधार घेऊन आम्ही यंत्राविरुद्ध एक कडक निबंध लिहावयास बसलो. फिल्टर म्हणजे कुटुंब, कुपी म्हणजे स्वार्थ, अशी आमची मांडणी होती आणि ती आम्हांस फार आवडली होती. सौभाग्यवतीने तो कागद वाचला आणि शांतपणे विचारले, “यात फिल्टर धुणाऱ्याचं नाव कुठं आहे?”

वाचकहो, त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. सहा वर्षे त्या फिल्टरची भोके टाचणीने मोकळी करणारे, रात्री अकरा वाजता पूड भरणारे आणि पहाटे दूध उतू जाऊ न देणारे हात एकाच माणसाचे होते. ज्या बैठकीच्या मोडण्याचा आम्ही शोक करीत होतो, तीत आमचा वाटा फक्त पिण्याचा होता. समाईक पेल्याचे गोडवे गाणारा माणूस बहुधा तो पेला विसळणारा नसतो. संस्कृती म्हणून जिचे आपण स्तवन करतो, तीत कोणाची तरी झोप खर्ची पडलेली असते. आणि ती झोप ज्याची, त्याने यंत्र आणले तर त्यास स्वार्थी म्हणण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

मग यंत्र निर्दोष ठरले काय? तसेही नाही. या नगरात कचरा घरातच वेगळा करावा लागतो; कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तसा दंडकच घालून दिला आहे. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका पिशवीत. वापरलेली कुपी हाती घेऊन आम्ही पुष्कळ वेळ उभे राहिलो. बाहेरून ती धातूची, म्हणजे सुकी. आत भिजलेला चोथा, म्हणजे ओली. ॲल्युमिनियम पुनःपुन्हा वितळवून वापरता येते, हे खरे. परंतु त्यासाठी कोणीतरी कुपी कापून, रिती करून, धुऊन द्यावी लागते. आम्ही तशीच पिशवीत टाकली, तर पुढे ती निवडावयाचे काम सकाळी गाडीबरोबर येणाऱ्या पौरकार्मिकांच्या माथी येते, आणि त्या बहुधा बायाच असतात. आमच्या घरातील एका स्त्रीचे श्रम वाचले, ते नाहीसे झाले नव्हते; ते उंबरठा ओलांडून दुसऱ्या एका स्त्रीच्या हाती गेले होते. फरक इतकाच, की पहिलीने आम्हांस प्रश्न विचारला. दुसरी विचारीत नाही.

आमच्या मते या साऱ्या वादाचे मर्म येथे आहे. पेला एकाचा असावा की सर्वांचा, हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, त्या पेल्यामागचे श्रम कोणाचे, हा होय. श्रम एकाचे आणि पेला सर्वांचा, या व्यवस्थेस आपण कुटुंब म्हणतो. श्रम अदृश्य माणसाचे आणि पेला एकाचा, या व्यवस्थेस आपण सोय म्हणतो. दोन्हींत पिणारा मोकळाच राहतो. वाटून घ्यावयाचेच असेल, तर वाटणीस आरंभ कॉफीपासून करून चालणार नाही.

हा विचार मनास पटल्यावर निबंध फाडून टाकणे सोपे होते. त्याहून थोडे कठीण ते आम्ही केले. रात्री फिल्टर भरण्याचे आणि सकाळी धुण्याचे काम आम्ही आपणांकडे घेतले. पहिला आठवडा फजितीचा गेला. एके दिवशी पूड सैल राहिली आणि पाणी भरभर उतरून पिवळट झाले. दुसऱ्या दिवशी इतकी दाबली, की सकाळपर्यंत थेंबही गळला नाही, आणि सौभाग्यवतीने न बोलता यंत्रात कुपी टाकली. आता हात बसला आहे. साडेसहाची बैठक पुन्हा भरते. पूर्वीइतकी नित्य नाही, पण आता तिला कोणाच्या झोपेचे ऋण नाही. असलेच तर ते आमच्या झोपेचे आहे, आणि ते देणे थकले होते.

यंत्र आम्ही काढून टाकलेले नाही. आईच्या साडेचाराच्या पेल्यावर तिचा हक्क आहे. तो काढून घेऊन आम्ही कोणत्या एकत्रपणाची स्थापना करणार? नियम एकच ठेवला आहे. ज्याने कुपी वापरली, त्याने ती कापून चोथा कुंडीत घालावा आणि धातू धुऊन पिशवीत ठेवावा. आईची दृष्टी अधू आहे, तिच्या कुप्या धाकटा मुलगा कापतो. त्या वेळी ती त्याला गावाकडच्या गोष्टी सांगते, आणि त्यामुळे त्या कामास दोघे लागतात.