विष कोण कालवणार?

प्रश्न छोटा वाटेल. एक धडधाकट जनावर आहे. रोग नाही, जखम नाही, खातंय पितंय, ओळखीच्या माणसाला बघून शेपूट हलवतंय. त्याला मारायचं की नाही, हे माणसानं कसं ठरवायचं? चळवळीपुढे एवढे जळते प्रश्न असताना हे कुत्र्यामांजराचं काय काढलंस, असं म्हणणारे दोस्त आहेत. त्यांच्यासाठीच लिहितोय. कारण या प्रश्नात ठरवणारा एक असतो, करणारा दुसरा असतो आणि भोगणारा तिसराच असतो. ही वाटणी आपल्या ओळखीची आहे.

आधी शब्द तपासू. शिकलेली माणसं 'मारलं' म्हणत नाहीत, 'झोपवलं' म्हणतात. कागदावर 'दयामरण' लिहितात. जे जनावर आतून सडतंय, ट्रकखाली येऊन कंबर मोडून रस्त्याकडेला विव्हळतंय, त्याला डॉक्टरनं सुई दिली तर तिथं दया या शब्दाला अर्थ आहे. पण धडधाकट जनावराला झोपवलं म्हणजे काय केलं? त्याला काही झोप आलेली नव्हती. मालकाची बदली झाली, नव्या फ्लॅटच्या सोसायटीनं नको म्हटलं, पोरांची हौस फिटली. म्हणजे दुखणं कुत्र्याच्या अंगात नव्हतंच, ते मालकाच्या सोयीत होतं. तरी सुई कुत्र्याला. असल्या गोड शब्दांशी आपली जुनी ओळख आहे. आपल्यालाही एकदा देवाची लेकरं असं गोड नाव दिलं गेलं होतं. नाव गोड झालं, विहीर काही गोड झाली नाही. म्हणून पहिली अट ही की मारणार असाल तर मारणं म्हणा. मग पुढं बोलू.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं भटकी कुत्री मारण्याच्या खोलीत घालून संपवणं हे क्रूरतेत धरलेलं नाही. गावोगावच्या नगरपालिका तेच करत आल्या. काठी, फास, विष, विजेचा झटका. २००१ साली नियम आले आणि गाडी उलटी फिरली. कुत्रं पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून उचललं तिथंच सोडा. मारायचं ते फक्त बरं न होणारं आजारी किंवा मरणाच्या दारात पडलेलं जखमी कुत्रं, तेही जनावरांच्या डॉक्टरच्या हातून. २०२३ च्या नव्या नियमांनीही हीच वाट धरली. २०२५ साली वाद पुन्हा पेटला. ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं दिल्लीची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका म्हटलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी ते बदललं : लस टोचून परत सोडा, रेबीजची आणि अंगावर येणारी सोडून. ७ नोव्हेंबरला पुन्हा शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली हटवा, तिथं परत सोडू नका, असा आदेश आला. टीव्हीवर दोन्ही बाजूंची माणसं भांडली. दोन्ही बाजूंना कुत्रं पकडणारा माणूस मला कुठं दिसला नाही.

२००१ च्या त्या नियमांत एक ओळ होती, ती माझ्या डोक्यातून जात नाही. एका कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यासमोर मारायचं नाही. ज्यानं कुणी ती लिहिली त्याला एवढं कळलं होतं की जनावर बघतं, आणि बघितलेलं त्याच्या अंगात उतरतं. चांगली गोष्ट आहे. पण मग जो माणूस ते काम रोज करायचा, त्यानं काय बघितलं?

आमच्या वस्तीत एक बाबा राहतात. मुलाकडे पुण्याला आलेत. तरुणपणी एका नगरपालिकेच्या कुत्र्याच्या गाडीवर होते. जातीनं मिळालेलं काम, दुसरं काय. ते सांगतात, "सकाळी अर्ज यायचे. अमक्या आळीत कुत्री वाढली, झोप लागत नाही. साहेब सही मारायचा. आम्ही जायचो. ज्यांनी अर्ज केला तीच माणसं खिडक्या लावून घ्यायची. त्यांची पोरं आम्हाला दगड मारायची, कसाई म्हणायची. पाणी मागितलं तर लांबून ओतायची. तक्रार त्यांची, सही साहेबाची अन् पाप माझं." मित्रहो, या तीन तुकड्यांच्या वाक्यात सगळी वर्णव्यवस्था आहे. हत्या करवून घ्यायची, हात मात्र कोरे ठेवायचे. आणि ज्याच्या हाताला रक्त लागलं तो खालचा.

हेच १९२६ साली अहमदाबादेत बघा. गिरणीमालक अंबालाल साराभाईंनी साठेक भटकी कुत्री मारवली. अहिंसावाल्या मंडळींत गदारोळ झाला, गांधींना पत्र गेलं. गांधींनी 'यंग इंडिया'त मालकाची बाजू घेतली, वर लोकांना सुनावलं की बेवारस कुत्र्याला रस्त्यावर तुकडा टाकणं ही दया नव्हे, पाळायचं तर नीट घरी पाळा. लेखामागून लेख लिहिले. गांधींशी आपलं भांडण आहे आणि राहील, पण तुकड्याबद्दल बोलले ते खरं बोलले. तुकडा टाकून निघून जाणारी दया वांझोटी असते, मग ती कुत्र्यावर असो की माणसावर. मात्र त्या वादात मालक आहे, महात्मा आहे, कुत्री आहेत. ज्या हातांनी ती साठ धरली ते हात मोठ्या चर्चेच्या बाहेर राहिले. मी गिरणीत तिसऱ्या पाळीला उभा राहतो, म्हणून मला आधी ते हात आठवतात.

आता आपल्या पोटातल्या रागाबद्दल. ताडीवाला रोडवरून कोरेगाव पार्क चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथं कुत्र्याला स्वेटर असतो, डॉक्टर असतो, त्याच्या वाढदिवसाला केक असतो. इकडे एका खोलीत आठ माणसं. हे बघून आपला तरुण म्हणतो, यांना कुत्र्याची दया येते, आमची येत नाही. मग आम्ही कुत्र्याची का करावी? राग खरा आहे. त्याला इतिहास आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्या बापजाद्यांना बंदी होती. पण नीट आठवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले ते कुत्र्यांचं पाणी बंद करा म्हणायला गेले नव्हते. आम्हीही माणसं आहोत म्हणायला गेले होते. कुत्र्याचा तिथं काही गुन्हा नव्हता. तो फक्त तहानलेला होता, आपल्यासारखाच. माणसाला कुत्र्याखाली ठेवणाऱ्याचा सूड कुत्र्यावर घेणं म्हणजे नेम चुकवणं आहे.

म्हणून काय, प्राणिमित्रांच्या मागं डोळे मिटून जायचं? तेही नाही. कारण न मारण्याचंही बिल येतं आणि तेही आपल्याच दारात येतं. कुत्रं चावतं ते मोटारीत काचा लावून बसलेल्याला नाही. पहाटे पोतं घेऊन निघालेल्या कचरावेचक बाईला चावतं, रात्रपाळी सुटून चालत येणाऱ्याला चावतं, फूटपाथवर झोपलेल्याच्या पोराला चावतं. रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस जवळजवळ वाचतच नाही. पाण्याचा पेला पुढं केला तरी घसा आवळतो. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं त्यानं मरतात असा अंदाज आहे, त्यातली तिसरा हिस्सा भारतात. १८८५ साली पाश्चरनं लस टोचून पोरगं वाचवलं, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. लस असताना माणूस मरतो तो नुसत्या कुत्र्यामुळं मरत नाही. वेळेवर दवाखाना न मिळाल्यानं, कुणी न सांगितल्यानं मरतो.

आणि कुत्री मारून हे थांबतं काय? तर नाही. जागा मोकळी झाली की शेजारची येतात, कारण उकिरडा तिथंच असतो. गल्लीतल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते, असं आरोग्याचं शास्त्र सांगतं. म्हणजे खरा इलाज नसबंदी, लस आणि वेळच्या वेळी उचललेला कचरा. हा इलाज बंगल्याच्या गल्लीत आधी पोचतो आणि वस्तीत सगळ्यात शेवटी. मग वस्तीत कुत्री वाढतात, चावतात, आणि वस्तीवालाच म्हणतो, मारून टाका. म्हणजे ज्याचा हक्क मारला तो माणूस आणि ज्याचा जीव घ्यायचा ते कुत्रं, दोघं एकमेकांपुढं उभे. वरचा माणूस मोकळा.

मग ठरवायचं कसं? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये यावर विचार दिला आहे. हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्यानंतर आला. आपण पहिलं शील रोज म्हणतो, पण ते प्रकरण नीट वाचत नाही. त्यांनी म्हटलंय की बुद्धाची अहिंसा हा नियम नाही, ते तत्त्व आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व विचार करायला मोकळं ठेवतं. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी, हा फरक त्यांनी ठेवलाय. वाचायला सोपं आहे. अवघड एवढंच की इच्छा नेहमी गरजेचे कपडे घालून येते. 'इलाजच नव्हता' असं म्हणत येते. तिचे कपडे उतरवायचे कसे, हे मी आमच्या वस्तीत बघितलं.

पाण्याच्या टाकीमागं एक कुत्री व्याली होती. सात वर्षांच्या एका पोराचा चेंडू तिकडे गेला आणि तिनं त्याच्या पोटरीचा लचका काढला. जखम साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुतली, त्याच दिवशी लस सुरू केली. रात्री आमची तरणी पोरं जमली. मटणात औषध घालू, सकाळी सगळं साफ. असं विष घालणं गुन्हा आहे म्हटलं तर हसली. शेवटी रविवारी वंदनेनंतर विहारातच बैठक बसली. बाबा म्हणाले, "दहा दिवस बांधून ठेवा. पिसाळलेली असेल तर दहा दिवसांत तीच मरंल." बरोबरच आहे, चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवतात ते याचसाठी. पोराची लस मात्र थांबवायची नाही. कुत्री बांधली. भाकरी पाणी पाळीपाळीनं.

दहा दिवसांनी ती ठणठणीत. आता प्रश्न अगदी स्वच्छ झाला. रोगाचं कारण संपलं. आता मारायचं तर धडधाकट जिवाला, पिल्लांच्या आईला मारायचं. तरी बैठकीत बऱ्याच माना 'मारा'कडे होत्या. तेव्हा बाबा उठले. म्हणाले, "ठीक. विष कोण कालवणार? त्यानं हात वर करावा." एक हात वर गेला नाही. कुणीतरी म्हणालं, नगरपालिकेचा माणूस बोलवू. बाबा हसले. "म्हणजे पुन्हा मीच की!"

मला वाटतं, गरज आणि इच्छा यांतला फरक त्या क्षणी उघडा पडला. खरी गरज असती तर कुणीतरी थरथरत का होईना हात वर केला असता. दारात साप आला तर आपण नगरपालिकेला अर्ज करत नाही. जे काम दुसऱ्यानं करावं असंच आपल्याला वाटतं, ते बहुतेक वेळा गरजेचं नसतं, सोयीचं असतं.

कुत्री नसबंदीला गेली, लस टोचून परत आली. पण गोष्ट गोड झाली असं म्हणणार नाही. पोराची आई म्हणाली, "जगू द्या तिला, माझं काही म्हणणं नाही. पण माझं पोरगं अजून लांबच्या गल्लीनं शाळेत जातं. त्याच्या भीतीचं बिल कोण भरणार?" तिच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय दया करायचा हक्क कुणाला नाही. आम्ही टाकीमागचा उकिरडा हलवायला लावला, पोराला महिनाभर कुणी ना कुणी शाळेत सोडलं. कमीच आहे ते. पण दया म्हणजे हे काम. बिस्किटाचा पुडा नव्हे.

मग कधीच मारायचं नाही काय? असं मी म्हणत नाही. तो नियम झाला, तत्त्व नव्हे. एखादं जनावर खरंच पुन्हापुन्हा लेकरांच्या नरडीवर जात असेल, बांधून, हलवून, सगळं करून झालं असेल, तर माणसाचं लेकरू आधी. पण तेव्हाही तीन प्रश्न स्वतःला विचारा. बाकीचे सगळे इलाज केले की नुसते बोललो? याचं बिल कोण भरतोय, ठरवणारा की भलताच कुणी? आणि हे काम मी माझ्या नावानं, माझ्या तोंडानं 'मारलं' म्हणून सांगू शकतो काय? तिसऱ्या प्रश्नाला जीभ अडखळली तर समजा, ती गरज नव्हती.

पिढ्यान् पिढ्या या देशानं आपल्या हातांना मेलेली ढोरं ओढायला लावली, जिवंत कुत्री मारायला लावली आणि मग त्याच हातांना घाण म्हटलं. ते हात आता लिहितायत, ठरवतायत. आपण ठरवणारे झालो की करणारा खाली ढकलायचा, ही जुनी रीत आपण उचलायची नाही. निर्णय आपला तर हातही आपला. एवढं पाळलं तर बरीच जनावरं वाचतील. आणि जे मरेल ते निदान खोटं बोलून मारलेलं नसेल.

जयभीम.